फाइल उघडायची कुणी?

(मुंबईतील माहुल येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘प्रोग्रॅममधून फाइल तिच्या नेहमीच्या ॲप्लिकेशनमध्ये उघडणे’ हा विषय मी कळवला तेव्हा आयोजकांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. माहुलमध्ये बोलायचं तर हवेवर बोलावं, रिफायनरीवर बोलावं, खाडीवर आणि कोळीवाड्यावर बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. पण या सगळ्या प्रश्नांची लढाई शेवटी कागदावर होते, आणि तो कागद आता फाइल झाला आहे. १८ डिसेंबर २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने इथल्या हवेच्या प्रदूषणावर निकाल दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुलला घरं दिलेल्या तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांबाबत आदेश दिला, की माहुलऐवजी दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. अशा आदेशाची प्रत आज बहुतेकांच्या हाती पडते ती पीडीएफ म्हणून, व्हॉट्सॲपवर. तिच्यावर बोट ठेवलं की ती उघडते. बोट ठेवणं आणि उघडणं यांच्यामध्ये जे घडतं, तेवढ्यापुरतंच आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फाइल कशात उघडायची हे ठरवण्याचा हक्क ज्याच्यापुढे यंत्र आहे त्याचा. प्रोग्रॅमचं काम ती फाइल नीट सोपवण्याचं. पण सोपवलं म्हणजे हात झटकले, असं नाही. हा शेवटचा भाग आपल्याकडचे प्रोग्रॅमर सर्रास विसरतात.

आधी थोडा इतिहास. डॉसच्या काळात आधी प्रोग्रॅमचं नाव टाइप करावं लागे, मग फाइलचं. कोणती फाइल कशात उघडते हे माणसाच्या डोक्यात असायचं. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्यात प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांच्या दोन खुणा असत: ही फाइल कोणत्या जातीची आणि ती कुणी बनवली. त्यामुळे फाइलवर दोनदा टिचकी मारली की ज्याने ती बनवली तोच प्रोग्रॅम उघडे. विंडोजने वेगळी वाट धरली. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं पाहायची आणि रजिस्ट्री नावाच्या वहीत त्या अक्षरांपुढे कोणत्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलंय ते शोधायचं. इंटरनेटवर मात्र फाइलचं नाव विश्वासार्ह नव्हतं. जून १९९२ मध्ये नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत मांडली. ईमेलसोबत येणाऱ्या मजकुराचा प्रकार वेगळा लिहून पाठवायचा, मग नाव काहीही असो. लिनक्सचा डेस्कटॉप आजही बराचसा याच वर्गवारीवर चालतो.

म्हणजे एकाच प्रश्नाची तीन उत्तरं झाली. फाइल कशात उघडायची हे ती बनवणारा सांगणार, तिचं नाव सांगणार, की ती पाठवणारा सांगणार? आजचे बहुतेक गोंधळ या तिघांचं एकमत नसण्यातून होतात.

आता प्रोग्रॅमरच्या टेबलाकडे येऊ. समजा, तुम्ही एका गृहनिर्माण संस्थेसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिताय. सभासदाने ‘पावती पाहा’ हे बटण दाबलं की पावतीची पीडीएफ उघडायला हवी. नवशिका प्रोग्रॅमर काय करतो? त्याच्या स्वतःच्या संगणकावर जो पीडीएफ वाचक आहे, त्याचा पूर्ण पत्ता प्रोग्रॅममध्ये लिहून टाकतो. त्याच्याकडे चालतं, संस्थेच्या कार्यालयात चालत नाही, कारण तिथे तो वाचक नाही, किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर आहे. शहाणा मार्ग असा की प्रोग्रॅमने कुणाचंही नाव घ्यायचं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच म्हणायचं: ही फाइल घे आणि या माणसाने जे ठरवलंय त्यात उघड. विंडोजमध्ये त्यासाठी शेलएक्झिक्यूट आहे, मॅकवर ‘ओपन’ ही आज्ञा आहे, लिनक्सवर एक्सडीजी-ओपन आहे. डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ ने तिन्हींवर चालणारा ‘डेस्कटॉप’ नावाचा वर्ग दिला. पायथनमध्ये ‘स्टार्टफाइल’ आहे, पण फक्त विंडोजपुरती. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांची तर वेगळीच गंमत झाली. जुन्या फ्रेमवर्कमध्ये काम शेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे, देणं गृहीत धरलेलं होतं. डॉटनेट कोअर आलं आणि हे गृहीत उलटं झालं. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली एक ओळ नव्या आवृत्तीत ‘ही फाइल म्हणजे चालवण्याजोगा प्रोग्रॅम नव्हे’ म्हणून अडू लागली. उपाय एका शब्दाचा, पण तो सापडेपर्यंत माणूस हैराण.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळेल. मराठी माणसाच्या वाट्याला येणारी अडचण पुढे आहे.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवून पाहा. विंडोजच्या शेलएक्झिक्यूटची दोन रूपं आहेत, एक जुनं आणि एक युनिकोडचं. जुनं रूप भाषेची अक्षरं ‘कोडपेज’ नावाच्या छोट्या तक्त्यांतून वाचतं. असे तक्ते रशियनला आहेत, अरबीला आहेत, थाईला आहेत. विंडोजमध्ये देवनागरीला असा तक्ताच नाही. आपली लिपी तिथे आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे जुन्या रूपाला ‘माहुल पावती’ असं नाव दिलं की आत पोचतात नुसती प्रश्नचिन्हं. त्या नावाची फाइल अर्थातच सापडत नाही आणि उत्तर येतं: २. म्हणजे फाइल नाही. फाइल तर समोर दिसतेय! कार्यालयातला माणूस मग फाइलचं नाव इंग्रजीत ठेवतो, काम होतं, आणि ‘संगणकाला मराठी चालत नाही’ हा समज आणखी एका टेबलावर पक्का होतो. दोष मराठीचा नसतो. दोष असतो चुकीचं रूप वापरणाऱ्या त्या एका ओळीचा.

याहून बारीक प्रकार आपल्या ‘ऱ’चा. ‘दुसऱ्या मजल्याचा करार’ असं नाव घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये एका संकेतात लिहिता येतो, किंवा आधी र आणि मग नुक्ता अशा दोन संकेतांत. काही कळफलकांवर तिसरीच रीत चालते: र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. संगणकाला ती तीन वेगळी नावं असतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत तर नाव साठवतानाच अक्षर फोडून ठेवलं जाई. लिनक्स नावांची तुलना बाइटला बाइट लावून करतो. मग मॅकवरून आलेला ‘दुसऱ्या’ लिनक्सवरच्या प्रोग्रॅमला सापडेनासा होऊ शकतो. डोळ्यांनी कितीही तपासा, चूक दिसणार नाही. म्हणून नियम असा: वापरणाऱ्याने टाइप केलेल्या नावावरून फाइल शोधू नये. फोल्डरमध्ये जे नाव प्रत्यक्ष आहे तेच उचलावं, किंवा प्रोग्रॅमने आपल्या नोंदीसाठी साधा क्रमांक ठेवावा आणि मराठी नाव माणसांना दाखवण्यासाठी राखावं.

अंतर देऊन लिहिलेल्या नावांचं दुखणं निराळं. आपण कागदावर लिहितो तसंच फाइलचं नाव लिहितो, शब्दांत जागा सोडून, कंसात तारीख घालून. जो प्रोग्रॅमर आज्ञा आणि फाइलचं नाव एकाच ओळीत चिकटवून आज्ञा वाचणाऱ्या शेलला देतो, त्याच्या हातून त्या एका नावाचे चार तुकडे होतात. आणि नावात मुद्दाम अर्धविराम घालून पुढे दुसरी आज्ञा लिहिलेली असेल, तर तीही चालून जाते. फाइल उघडायला गेलो आणि घर उघडं टाकून आलो, अशी गत. नाव वेगळं, आज्ञा वेगळी, असं देण्याची सोय बहुतेक भाषांत आहे. आळस सोडला की झालं.

आता सोपवल्यानंतरची गोष्ट. शेलएक्झिक्यूटकडून प्रोग्रॅमला परत काय मिळतं? एक आकडा. ३२ पेक्षा मोठा असेल तर यश. ही सोळा-बिट विंडोजच्या काळातली खूण आजही जपलेली आहे. ३१ आला तर या प्रकारच्या फाइलसाठी कुणीच नेमलेला नाही. पण यश म्हणजे नेमकं काय? विनंती पोचली, इतकंच. फाइल पडद्यावर दिसली का, वाचणाऱ्याकडे तिचा पासवर्ड होता का, अक्षरं नीट उमटली का, हे त्या आकड्यात नाही. काही प्रोग्रॅमर ‘वाचक बंद होईपर्यंत थांब’ असं लिहितात आणि फसतात. वर्ड आधीच चालू असेल तर नवी फाइल त्या चालू वर्डकडेच जाते. वाट पाहण्यासारखी नवी प्रक्रिया जन्मालाच येत नाही. म्हणून पडद्यावर ‘दस्तऐवज वाचला’ अशी खूण करणारा प्रोग्रॅम दिसला की सावध व्हा. त्याला फार तर ‘दस्तऐवज उघडायला दिला’ एवढंच म्हणता येतं. नोटीस बजावली की नाही यावरून जिथे लोकांच्या घराचा निर्णय ठरतो, तिथे हा फरक शाब्दिक राहत नाही.

फाइल उघडली तरी ती वाचता येईलच असं नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज वर्डमध्ये सुखरूप उघडतो, पण यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर समोर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. प्रोग्रॅमच्या लेखी सगळं सुरळीत असतं.

आता धोक्याकडे वळतो. आपल्या रस्त्यावरून दिवसभर टँकर जातात. प्रत्येकावर पाटी असते आणि पाटीवर क्रमांक: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. अपघात झाला तर अग्निशमन दल आधी ती पाटी वाचतं आणि फोम मारायचा की काय करायचं ते ठरवतं. पाटी एकाची आणि आत माल दुसऱ्याचा असेल, तर मदतीला आलेलाच माणूस घात करून बसेल. फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, ही अशीच पाटी आहे, आणि ती कुणालाही रंगवता येते. ४ मे २०००च्या सुमारास जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या घातक फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ होतं आणि त्यामागे ‘व्हीबीएस’. विंडोज ओळखीचं शेपूट लपवून ठेवत असल्याने लोकांना दिसली साधी मजकुराची फाइल. टिचकी मारल्यावर चालला प्रोग्रॅम. हे जुनं झालं म्हणावं, तर एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या विंडोज आवृत्तीतला असाच दोष जाहीर झाला. आलेली फाइल दाखवताना ते माइम प्रकार पाहत होतं आणि उघडताना नावाचं शेपूट. दाखवायचं एक आणि उघडायचं दुसरंच, अशी फट राहिली होती. नव्या आवृत्तीत ती बुजवली गेली. फोनवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या एपीके फाइलींचा धंदाही याच जातीचा. पत्रिका म्हणून बोट ठेवायचं आणि आत ॲप बसवून घ्यायचं.

यावर प्रोग्रॅमरच्या हाती साधा उपाय आहे: पाटी वाचावी, पण टाकीचं झाकणही उघडून पाहावं. फाइलची पहिली काही अक्षरं बोलकी असतात. खरी पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते. विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम ‘एमझेड’ने सुरू होतो, ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची आद्याक्षरं. वर्डची डॉक्स फाइल ‘पीके’ने सुरू होते, कारण ती मुळात झिपची पेटी आहे आणि झिप बनवणारा फिल कॅट्झ त्या अक्षरांत बसला आहे. नाव पावतीचं आणि आत एमझेड, तर ती फाइल पुढे द्यायची नाही. एवढी तपासणी दहा ओळींत होते. ती न करता फाइल पुढे ढकलणारा प्रोग्रॅम म्हणजे पाटी न वाचता टँकर आत सोडणारा पहारेकरी.

काही जण विचारतील: मग दुसऱ्यावर कशाला विसंबायचं? प्रोग्रॅमने स्वतःचाच वाचक बाळगावा. या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते दाखवणारं उदाहरण आपल्यापैकी अनेकांकडे आहे. ई-आधारची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडा. पासवर्ड टाकला की कार्ड दिसतं, पण खाली सहीच्या जागी प्रश्नचिन्ह असतं. तीच फाइल संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून सही एकदा पडताळली की तिथे हिरवी खूण येते. फाइल तीच. बहुतेक ब्राउझर पान दाखवतात, सही तपासत नाहीत. प्रश्नचिन्ह पाहून कागद खोटा म्हणून परत करणारा कारकून आणि घाबरलेला अर्जदार, दोघंही फाइलला दोष देतात. प्रत्यक्षात उघडणारा बदलला असतो. जिथे सहीची पडताळणी हेच काम आहे, तिथे प्रोग्रॅमने ती स्वतः करावी आणि निकाल स्पष्ट सांगावा. ते नेमलेल्या वाचकाच्या भरवशावर सोडू नये.

पण म्हणून सगळंच आपल्या खिडकीत कोंडू नये. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याने पडदा वाचून दाखवणाऱ्या आपल्या एनव्हीडीए प्रोग्रॅमशी जुळणारा पीडीएफ वाचक निवडलेला असतो. ज्येष्ठांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. कुणाला छापायचं असतं, कुणाला टिपण करायचं असतं. प्रोग्रॅमरने हौसेने बनवलेल्या खिडकीत यातलं निम्मंअधिक नसतं. पडताळणी तुमची, वाचन त्याचं, अशी वाटणी मला योग्य वाटते.

सोपवताना किती सोपवायचं याचा चांगला धडा अँड्रॉइडने घालून दिला. पूर्वी एक ॲप दुसऱ्याला फाइलचा थेट पत्ताच देऊन टाकायचं. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आलं आणि नव्या ॲपना हे बंद झालं. आता मूळ ॲप एक तात्पुरती परवानगी देतं: ही एकच फाइल, फक्त वाचण्यासाठी, काम होईपर्यंत. शेजारचं फोल्डर नाही, लिहिण्याचा हक्क नाही. सरकारी कार्यालयांनीही आपल्या कागदांबाबत एवढा नेमकेपणा पाळावा असं कुणालाही वाटेल.

शेवटचा मुद्दा हक्काचा. ‘नेहमी यातच उघडा’ हे ठरवतो कोण? कागदोपत्री आपण. व्यवहारात यंत्र विकणाऱ्याने ते बहुतेक वेळा आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते बदलायला फार थोडे जातात. म्हणून तर या जागेसाठी कंपन्या भांडतात. विंडोजवर एक प्रोग्रॅम बसवला की तो गुपचूप स्वतःला सगळ्या फाइलींचा मालक करून घेई. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून ती निवड मोहोरबंद केली गेली आणि बदलायची तर ती माणसाने स्वतः बदलायला हवी, असं झालं. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन पहिल्यांदा सुरू करताना शोधाचं साधन वापरणाऱ्याला निवडू द्या, हेही त्या आदेशात होतं. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. ज्या निवडीसाठी एवढं रण माजतं, ती निवड क्षुल्लक नसते, हे आपणही ओळखावं.

श्रोत्यांत विद्यार्थी आहेत, संस्थांचे पदाधिकारी आहेत, अर्ज भरून देणारे दुकानदार आहेत. त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. तुमच्या संस्थेसाठी कुणी प्रोग्रॅम बनवून देत असेल, तर पैसे देण्याआधी त्याला चार गोष्टी करून दाखवायला सांगा. ‘दुसऱ्या मजल्याचा करार’ या नावाची फाइल उघडून दाखव. एमझेडने सुरू होणाऱ्या फाइलला पीडीएफचं नाव देतो, ती अडवून दाखव. माझ्या यंत्रावरचा पीडीएफ वाचक बदलतो, तरी पावती उघडून दाखव. आणि चौथी गोष्ट: फाइल उघडली नाही तर काय झालं, हे ‘एरर ३१’ असं न सांगता मराठीत सांग: ‘या फाइलसाठी तुमच्या संगणकावर प्रोग्रॅम नेमलेला नाही; तो असा नेमा.’ पहिल्या तीन गोष्टींत त्याचं कौशल्य कळेल. चौथीत कळेल, प्रोग्रॅम लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही होता की नव्हता.